खान्देशातून विकासाच्या अर्थशास्त्रात पीएचडी: प्रश्न, पाहणी, गणित आणि नियम

विचारणा अशी आहे. अमळनेर तालुक्यातला विद्यार्थी, अर्थशास्त्रात एम.ए., ५८ टक्के, सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालेली. मनात विषय आहे ‘नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासींच्या हंगामी स्थलांतराचा चिकित्सक अभ्यास’. चार गोष्टी विचारल्या आहेत: विषय बरा आहे का, गणित कच्चं आहे त्याचं काय, जळगावलाच नोंदणी करावी की पुण्या-मुंबईला जावं, आणि वर्षं नि पैसा किती लागेल. चारही घेतो, पण विषयावर सगळ्यात जास्त लिहितो. विषय नीट मांडला नाही, तर बाकी तिन्ही गोष्टी जमूनही प्रबंध उभा राहत नाही.

शोधगंगा (भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) उघडा आणि आपल्या भागातले अर्थशास्त्राचे पंधरा-वीस प्रबंध चाळा. अमुक जिल्ह्यातील तमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास, ४०० उत्तरदाते, टक्केवारीचे तक्ते, काय-वर्ग चाचणी, शेवटी ‘शून्य परिकल्पना नाकारली’ हा साचा पुन्हा पुन्हा भेटेल. त्यामागे मेहनत असते, यात शंका नाही. पण ‘चिकित्सक अभ्यास’ या शब्दांत नेमकं काय कळलं म्हणजे काम संपलं, हेच सांगितलेलं नसतं. डॉक्टरेटच्या पातळीवर विकासाचं अर्थशास्त्र एका गोष्टीभोवती फिरतं: लोक असं का वागतात याची दोन-तीन पटणारी कारणं समोर ठेवायची, आणि त्यातलं कोणतं खरं हे वेगळं करून दाखवेल असा पुरावा शोधायचा.

तुमचाच विषय घेऊ. धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती जातात, कोण जातात हे मोजणं उपयोगाचं आहे, पण तेवढ्यावर पीएचडी होत नाही. प्रश्न असा करून बघा: मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मोठी असेल, तर ते कुटुंब पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे बांधलं जातं का, आणि त्यामुळे त्या कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडीला, पडणारी मजुरी बाजारापेक्षा कमी राहते का? आता दोन कारणं समोर येतात. एक, उचल हीच बेडी आहे. दोन, ज्याची गरज मोठी, तोच मोठी उचल घेतो, आणि त्याची मजुरी कमी राहते ती त्याच्याकडे दुसरा पर्याय नाही म्हणून. दोन्हींत तक्ता सारखाच दिसेल. उचल जास्त, मजुरी कमी. तक्त्यावरून ‘उचलीमुळे शोषण होते’ असं लिहिलं, तर बाहेरचा परीक्षक तिथेच थांबवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

ही दोन कारणं वेगळी कशी करायची? ज्या गोष्टीमुळे उचलीची गरज बदलते, पण ऊस तोडण्याची ताकद बदलत नाही, अशी गोष्ट शोधावी लागते. गावात बचत गटाचं कर्ज सुरू झालं. वनहक्काचा दावा मंजूर होऊन पट्टा हाती आला. घरात आजारपण आलं. यातलं आजारपण बाद करा, कारण आजारी माणसाचा कोयताही मंद चालतो. पट्ट्याचंही जपून. ज्या गावाची ग्रामसभा खमकी, तिथे दावे लवकर मंजूर होतात, आणि तशी ग्रामसभा मुकादमालाही विचारते. म्हणजे पट्ट्याचा परिणाम की ग्रामसभेचा, हा गुंता उरतोच. बचत गटाची तारीख गावागावात वेगळी असेल, तर सुरू होण्याआधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं ताडून बघता येतात. पण वेगवेगळ्या वर्षी सुरू झालेल्या गावांना एकाच समीकरणात कोंबलं, तर आधी सुरू झालेली गावं नंतरच्या गावांसाठी तुलनेची गावं बनतात आणि उत्तर उलटंही येऊ शकतं. गेल्या काही वर्षांत या एका चुकीवर भरपूर लिहिलं गेलं आहे. जुन्या पाठ्यपुस्तकातून पद्धत उचलाल तर ती चूक तुमच्याकडे तशीच येईल.

स्थलांतरच हवं असा हट्ट नसेल, तर खान्देशात आणखी दोन जागा आहेत जिथे प्रश्न तयार उभे आहेत.

पहिली, सालदारकी, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरतं, पुढच्या आखाजीला मोडतं किंवा पुन्हा बांधलं जातं. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा करार फार बोलका आहे. रोजाने माणूस मिळत असताना कोणी वर्षभराची बांधीलकी का घेतो? मालकाला ऐन वेचणीच्या दिवसांत माणसाची खात्री हवी असते, सालदाराला रिकाम्या महिन्यांत पोट भरण्याची. म्हणजे सालात मजुरीबरोबर विमा मिसळलेला आहे आणि बहुतेकदा कर्जही. आता ठिबक आलं, रात्रीचं पाणी भरायचं काम कमी झालं, उक्त्याने काम देण्याची पद्धत वाढली. यातल्या कशामुळे साल टिकतं आणि कशामुळे मोडतं, हा सिद्धांतातून थेट निघणारा आणि गावात मोजता येणारा प्रश्न आहे.

दुसरी, रावेर-यावल-चोपड्याच्या केळीचा हवामानावर आधारित फळपीक विमा. यात भरपाई शेतातल्या नुकसानीवर ठरत नाही. महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) हवामान केंद्रावर ठरावीक काळात तापमान ठरावीक अंशांच्या खाली किंवा वर सलग ठरावीक दिवस राहिलं, की त्या मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना रक्कम मिळते. मंडळाच्या हद्दीवर दोन शेजारी बागा असतील, थंडी दोघांनी सारखीच सोसली असेल, आणि एकाला पैसे मिळाले नि दुसऱ्याला नाही, असं घडू शकतं. भरपाईचा पैसा पुढच्या लागवडीत, मुलांच्या शिक्षणात की जुन्या कर्जात जातो, हे बघायला यापेक्षा स्वच्छ तुलना सहसा मिळत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. विमा कोण काढतो हे आपोआप ठरत नाही, म्हणून विमाधारकाची तुलना पलीकडच्या विमाधारकाशीच करायची. आणि शेतकरी पाचशे असले तरी मंडळं मोजकीच असतात. प्रमाणत्रुटी (अंदाज किती वर-खाली असू शकतो त्याचं माप) मंडळाच्या पातळीवर काढावी लागते, आणि असे गट, म्हणजे इथे मंडळं, ३०-४० पेक्षा कमी असले की नेहमीचं सूत्र त्रुटी कमी दाखवतं. मग जो निष्कर्ष ठाम वाटतो, तो मुळात ठाम नसतो. त्यासाठी गटांचं पुनर्नमुनीकरण करण्याची, म्हणजे हाती असलेल्या आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने काढण्याची, वेगळी रीत आहे. ती आधी शिकून घ्या आणि मगच हा विषय घ्या.

उंबरठ्यावरची तुलना कशी असते याचा नमुना हवा असेल, तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेवरचं सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसॅड यांचं २०२० चं काम वाचा. वस्तीची लोकसंख्या ५०० किंवा १००० च्या जरा वर असली की रस्त्याला प्राधान्य, जरा खाली असली की नाही. त्या फटीचा त्यांनी उपयोग केला. रस्ता आल्यावर लोक शेतीतून बाहेरच्या कामाकडे वळले, पण उत्पन्नात नि खर्चात मोठी वाढ दिसली नाही. डोंगरी आणि आदिवासी भागात हाच निकष २५० चा आहे, म्हणून सातपुड्यात हे करून बघण्याचा मोह होतो. एका जिल्ह्यात मात्र उंबरठ्याच्या आजूबाजूला पुरेशा वस्त्या सापडत नाहीत. करायचंच तर मध्य प्रदेश आणि गुजरातच्या बाजूचा सातपुडाही धरावा लागेल.

आकडे: तयार कोणते, स्वतःचे कोणते

गावात जाण्याआधी तयार डेटा पिंजून काढा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांचा कुटुंबनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतो. २०१९ ची शेतकरी कुटुंबांची स्थितिदर्शक पाहणी, २०१७-१८ पासूनची श्रमबल पाहणी, २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या उपभोग खर्चाच्या पाहण्या तिथे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या फेऱ्या जिल्हानिहाय अंदाजांसाठी बेतलेल्या आहेत, म्हणून नंदुरबारचं कुपोषण तिच्यातून मांडता येतं. श्रमबल पाहणीच्या सुरुवातीच्या फेऱ्या तशा नाहीत. तिथे नंदुरबारची जेमतेम काही कुटुंबं असतात, आणि त्यावरून ‘जिल्ह्यातील बेरोजगारी इतके टक्के’ असं लिहिणं चूक आहे.

स्थलांतरावर काम करणाऱ्यांनी व्याख्या डोळ्यांत तेल घालून वाचायला हवी. २००७-०८ च्या ६४व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेली व्यक्ती. आता दिवाळीच्या सुमारास निघालेली आणि गाळप लांबल्यामुळे आखाजीच्या तोंडावर परतलेली कुटुंबं बघा. त्यांचे सहा महिने भरतात. म्हणजे सगळ्यात लांब हंगाम करणारी माणसंच या व्याख्येच्या बाहेर पडतात. जनगणनेत हंगामी स्थलांतर जवळजवळ दिसतच नाही.

या विषयातलं गाजलेलं बरंच काम मोजक्या गावांतून उभं राहिलं आहे, कारण त्या गावांत वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांना पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७५ पासून अकोला जिल्ह्यातलं कान्झरा, सोलापूरचं शिरापूर अशा गावांत ती नोंद ठेवली. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये, एकाचं पीक बुडालं तर गाव त्याला किती सावरून घेतं हा प्रश्न याच दोन आणि तेलंगणातल्या एका गावाच्या आकड्यांवर तपासला. खान्देशातलं गाव त्यात नाही. तुम्ही एका गावाची अशी नोंद पाच वर्षं जरी नीट ठेवली, तरी ती प्रबंधापेक्षा जास्त दिवस कामाला येईल.

४०० चा आकडा

नमुना ४०० का, असं विचारलं तर यामानेचं सूत्र दाखवतात: लोकसंख्या भागिले एक अधिक लोकसंख्या गुणिले त्रुटीचा वर्ग. पाच टक्के त्रुटी धरली की कितीही मोठ्या लोकसंख्येला उत्तर ४०० च्या आसपासच येतं. हे सूत्र एक प्रमाण सांगण्यासाठी आहे, तेही साध्या यादृच्छिक नमुन्यात. ४०० वर प्रमाणाची त्रुटी वर-खाली ५ टक्के राहते. त्यातल्या ४० पावरा आदिवासी स्त्रियांबद्दल काही म्हणायचं ठरवलं, की ती १५ टक्क्यांवर जाते.

तुलना करायची असेल तर हिशेब वेगळा. दोन गटांत ०.२ प्रमाण विचलनाएवढा (आकडे सरासरीभोवती जेवढे पसरतात त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा) फरक पकडायचा, महत्त्वपातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) ५ टक्के, फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के. यासाठी प्रत्येक गटात साधारण ३९३ कुटुंबं लागतात. पण एका गावातली कुटुंबं एकमेकांसारखी असतात. प्रत्येक गावातून २० घरं घेतली आणि गावांतर्गत सहसंबंध ०.०५ धरला, तर हा आकडा १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ ने गुणायचा. झाले ७६६ च्या आसपास, म्हणजे एका बाजूला ३९ गावं आणि दोन्ही मिळून ७८. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल ज्या प्रकारच्या प्रयोगांसाठी मिळालं, ते बहुतेक संस्थांच्या बळावर आणि मोठ्या चमूने केलेले असतात. एकट्याने करायचं तर तयार डेटा घ्या आणि स्वतःची पाहणी २५०-३०० कुटुंबांची ठेवा. कारणं कशी काम करतात हे उलगडण्यासाठी ती वापरा, संपूर्ण जिल्ह्याचा अंदाज सांगण्यासाठी नको.

गावात गेल्यावर

सातपुड्यात महसुली गाव एक आणि पाडे आठ-दहा, लांब लांब पसरलेले. २०११ ची जनगणना आता जुनी झाली आहे, म्हणून घरयादी स्वतः करावी लागते, पाड्यापाड्याने. रस्त्यालगतचे दोन पाडे करून ‘गाव झालं’ म्हटलं, की वरच्या टेकडीवरची सगळ्यात गरीब घरं नमुन्यातून गळतात.

डिसेंबरात पाहणीला गेलात, तर स्थलांतराची पाहणी न गेलेल्यांचीच होते. बंद घर दिसलं की शेजारचं घर घेणं ही या कामातली सगळ्यात घातक सवय आहे, कारण बंद घर हेच तुमचं उत्तर असतं. पहिली फेरी होळीला धरा. भोंगऱ्याच्या बाजारासाठी (होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजारासाठी) आणि होळीसाठी बाहेर गेलेली बरीच माणसं पाड्यावर येतात. मात्र जे होळीलाही येऊ शकले नाहीत त्यांची वेगळी यादी ठेवून आखाजीनंतर पुन्हा जा. न येऊ शकण्यामागे उचलीचा हिशेब फिटला नसणं हे एक कारण असू शकतं. दुसरी फेरी पावसाळ्याच्या शेवटी, घरातलं धान्य सरत आलेलं असताना आणि उचलीची बोलणी चालू असताना.

‘गेल्या ३६५ दिवसांत’ असं विचारू नका. ‘मागच्या आखाजीपासून’ म्हणा, मग पोळा, दिवाळी, होळी असे टप्पे करून दिवस मोजा. माणसाच्या आठवणीत वर्ष असंच लावलेलं असतं.

केळीवाल्याला क्षेत्र विचारलं तर उत्तर खोडांत येतं: ‘पाच हजार खोडं आहेत.’ एकर काढायला अंतर विचारावंच लागतं. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १७४२ खोडं बसतात, सहा बाय पाचवर १४५२. म्हणजे तीच पाच हजार खोडं एकाकडे २.८७ एकर आणि दुसऱ्याकडे ३.४४ एकर. अंतर न विचारता एकच भागाकार सगळ्यांना लावला, तर एकरी उताऱ्यात वीस टक्क्यांची चूक घुसते आणि नंतर ती कुठल्याच सांख्यिकी चाचणीत दिसत नाही. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), तेही त्याच ओळीत नोंदवा, नाहीतर दोन वेगळ्या हंगामांचे भाव एकत्र होतात. कापसात विक्री खेडा खरेदीत (गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला) झाली, बाजार समितीत की सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला), आणि पैसे रोख मिळाले की उधारीत वळते झाले, हे न विचारता नुसता भाव लिहू नका.

बाईला ‘तुम्ही काय काम करता’ विचारलं की ‘काही नाही, घरीच असते’ असं उत्तर येतं, आणि हातात विळा असतो. कामांची नावं घेऊन विचारा: निंदणीला किती दिवस गेलात, वेचणीला किती, घरच्या शेतात किती, दुसऱ्याच्या शेतात किती, सरपणाला किती वेळ. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून रोज विचारण्याऐवजी किती किलो आणि काय दर हे विचारा.

सरपंचाच्या ओट्यावर बसून मुलाखती घेऊ नका, मुकादमाच्या अंगणात तर अजिबात नको. उचलीचा आकडा तिथे कोणी खरा सांगणार नाही, आणि सांगितलाच तर त्याचा त्रास त्या माणसाला होईल. ग्रामसभेला आधी सांगा, विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता घ्या, आणि नावं वेगळ्या फाइलमध्ये कुलुपात ठेवा. पावरी किंवा भिली बोलणारा पाहणीकार त्याच परिसरातला, पण त्याच पाड्यातला नसावा. प्रश्नावली मराठीतून पावरीत आणि दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून घ्या. अर्थ कुठे घसरतो ते लगेच कळतं.

पाहणी मोबाइलवर ओडीके किंवा कोबोसारख्या साधनात घ्या. दोन्ही नेटवर्कशिवाय चालतात, आणि धडगावच्या आत ते लागणारच. दर दहातल्या एका घरी स्वतः परत जाऊन पाच-सहा न बदलणारे प्रश्न पुन्हा विचारा. पाहणीकार घरी बसून फॉर्म भरतो आहे का, हे यातून पहिल्याच आठवड्यात उघड होतं.

गणित

कच्चं गणित हे थांबण्याचं कारण नाही, पण ते झाकून पुढेही जाता येत नाही. स्वतःची परीक्षा घ्या. कोऱ्या कागदावर लघुतम वर्ग पद्धतीचा अंदाजक मॅट्रिक्समध्ये काढता येतो का? तो पूर्वग्रहमुक्त केव्हा असतो, हे एका ओळीत लिहिता येतं का? उत्पन्नाच्या मर्यादेत उपयोगिता कमाल करून मागणी फलन काढता येतं का, आणि किंमत बदलल्यावर प्रतिस्थापन नि उत्पन्न परिणाम वेगळे करता येतात का? यातलं एकही जमत नसेल, तर नोंदणीआधी आठ-नऊ महिने द्या. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि अनेक चलांचं कलन, याच क्रमाने. स्वयं आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांवर हे सगळं फुकट आहे. रोज दोन तास, आणि त्यातला दीड तास उदाहरणं सोडवण्यात. नुसत्या व्हिडिओ बघण्याने हे येत नाही.

मग शेतकरी कुटुंबाचं प्रतिमान शिका. खान्देशासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं नाही. कुटुंब उत्पादकही असतं आणि उपभोक्ताही. मजुरीचा, जमिनीचा, कर्जाचा बाजार व्यवस्थित चालत असेल, तर शेतात किती माणूसदिवस लागतात ते घरात किती हात आहेत यावर ठरायला नको. कमी पडले तर मजूर आणतील, जास्त असतील तर बाहेर जातील. प्रत्यक्षात घरातल्या हातांवर शेतातलं काम ठरताना दिसलं, तर कुठला तरी बाजार अडला आहे. गणित चार ओळींचं आहे, पण त्यातून निघणारी चाचणी थेट साक्री-शिंदखेड्याच्या जिरायत शेतात लावता येते.

अर्थमितीसाठी वूल्ड्रिज यांचं पदवी पातळीवरचं पुस्तक आधी, अँग्रिस्ट-पिश्के नंतर. क्रम उलटा केला तर शब्द पाठ होतात आणि गृहीतकं निसटतात. पावसाला ‘साधन चल’ म्हणून, म्हणजे फक्त कारणाच्या वाटेनेच परिणामापर्यंत पोचणारी बाहेरची गोष्ट म्हणून, वापरण्याचं उदाहरण घ्या. पावसाने शेतीचं उत्पन्न बदलतं, म्हणून पाऊस वापरून उत्पन्नाचा शाळागळतीवर परिणाम काढू, असं अनेकांना सुचतं. पण पाऊस चांगला झाला की निंदणीला मुलांची मागणीही वाढते, नाले भरून शाळेची वाट बंद होते, तापाची साथ येते. पाऊस गळतीपर्यंत फक्त उत्पन्नाच्या वाटेने पोचत नाही, आणि तिथे सगळी मांडणी कोसळते. ठिबकच्या पट्ट्यात तर पाऊस आणि उत्पन्न यांचं नातंही सैल असतं.

सॉफ्टवेअर म्हणून आर घ्या, ते फुकट आहे. एक्सेलमध्ये हाताने दुरुस्ती करायची नाही. कच्च्या फाइलपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत सगळं कोडमध्ये हवं. तीन वर्षांनी परीक्षक विचारतो की १२ कुटुंबं का वगळली, तेव्हा फक्त कोडच उत्तर देतो.

कुठे आणि कोणत्या नियमाने

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. ५८ टक्क्यांना अडचण नाही. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २. स्त्रियांना त्यावर आणखी २ मिळू शकतात. कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचं. मार्गदर्शकाकडे एका वेळी प्राध्यापक असेल तर ८, सहयोगी प्राध्यापक ६, सहायक प्राध्यापक ४ एवढेच विद्यार्थी, त्यामुळे चांगला मार्गदर्शक भरलेला असणं नेहमीचंच आहे. २०२४ पासून नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) निकालात ‘फक्त पीएचडी प्रवेश’ हाही गट आहे; तिथे नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि प्रवेशासाठी तो निकाल वर्षभरच चालतो. सेट झाली असली तरी नेट द्या, कारण जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा मिळणारी अधिछात्रवृत्ती) फक्त तिथूनच मिळतं: २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. साम्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंत चालतं. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. आणि सहायक प्राध्यापक होण्यापुरतंच पाहायचं असेल, तर जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएचडी सक्तीची नाही. तेवढ्यासाठी आयुष्याची सहा वर्षं देऊ नका.

आता जळगाव की बाहेर. सिद्धांत आणि अर्थमितीत पक्कं व्हायचं असेल, तर वर्ष-दीड वर्षाचा कडक अभ्यासक्रम असलेली जागा हवी: गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची गोखले संस्था, तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज, दिल्लीत डीएसई (दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) आणि आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था). गोखले संस्थेत गाव-पाहणीची परंपरा मोठी आहे. दांडेकर आणि रथ यांचं दारिद्र्यावरचं १९७१ चं काम तिथलंच. घर, शेती, नोकरी सोडून जाता येत नसेल, तर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठातच नोंदणी करा. मात्र अर्थमिती येणारा सहमार्गदर्शक बाहेरचा मिळतो का हे आधी विचारा, आणि सल्लागार समितीत असा एक माणूस आग्रहाने मागा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या हाताखालचे शेवटचे तीन प्रबंध शोधगंगावर वाचा. तिन्हींत तेच तक्ते, तीच चाचणी असेल, तर चौथा तुमचा तसाच होईल. अमेरिकेतली पीएचडी पाच-सहा वर्षांची असते, पैसे विद्यापीठ देतं, पण त्याआधी जे-पाल साउथ एशियासारख्या (दारिद्र्यावर प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या संशोधन संस्थेसारख्या) ठिकाणी दोन वर्षं पाहणीचं काम केलेलं असेल तर अर्जाला वजन येतं.

शिष्यवृत्त्या: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती, शिवाय आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद). जागा मर्यादित असतात आणि नोंदणीचा कागद आधी लागतो, म्हणून प्रवेश लांबला की वर्ष जातं. २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती उरलेली नाही. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांना एक रुपयाही देऊ नका. असा लेख नंतर मुलाखतीत अडचणच करतो.

खर्चाचा हिशेब माणूसदिवसांत मांडा. सव्वा तासाची प्रश्नावली, पांगलेले पाडे. एक पाहणीकार दिवसाला चार घरं नीट करतो. ३०० घरं म्हणजे ७५ दिवस, तिघांत २५-२५. दोन फेऱ्यांचे १५०, त्यावर घरयादीचे पंधरा-वीस आणि पडताळणीचे तुमचे स्वतःचे पंधरा. याला तुमच्याकडचा रोज, प्रवास आणि मुक्काम लावा, मग एक पंचमांश वाढवा, कारण दुसरी फेरी दिवाळीपर्यंत लांबली तर पहिल्या फेरीतली काही कुटुंबं तोडीच्या फडावर गेलेली असतील आणि त्यांना गाठायला एकदा तरी सुरत-बारडोलीकडे जावं लागेल. ती घरं सोडून देण्यापेक्षा सुरुवातीलाच ३०० ऐवजी २५० घरं घेतलेली परवडतात.